पडद्यावर घरचा अल्बम

स्क्रीनसेव्हर आला तो जुन्या, खोक्यासारख्या सीआरटी मॉनिटरसाठी. एकच चित्र तासन्‌तास राहिलं की आतल्या फॉस्फरच्या थरावर त्याचा कायमचा डाग उमटे. आजच्या एलसीडीला ती भीती फारशी नाही, पण हार्ड डिस्कमध्ये पडून राहिलेले घरचे फोटो डोळ्यांसमोर आणायला ही सोय अजूनही फार छान आहे.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन या वाटेनं स्क्रीनसेव्हरपर्यंत जा. ‘फोटोज’ निवडून फोल्डर दाखवा. ‘शफल’वर खूण जरूर करा. दादाच्या मुंजीमागोमाग गेल्या दिवाळीतला किल्ला येतो, खरी मजा त्यातच! मोबाइलमधला सगळा साठा मात्र जोडू नका. त्यात आधार कार्ड आणि बिलांचे फोटो हमखास असतात. निवडक फोटोंचा वेगळा फोल्डर करा.

मॅकवर फोटो हळूहळू जवळ सरकवणारा ‘केन बर्न्स’ प्रकार मिळतो. ‘द सिव्हिल वॉर’ (१९९०) या मालिकेत स्थिर छायाचित्रांवरून कॅमेरा फिरवणाऱ्या अमेरिकन माहितीपटकाराचं हे नाव.

कॉम्प्युटर ‘स्लीप’मध्ये जाण्याची वेळ स्क्रीनसेव्हरच्या वेळेपेक्षा बरीच पुढची ठेवा, नाहीतर फोटो दिसण्याआधीच पडदा काळा होईल.