सकाळच्या गडद लघवीमागची कॉम्प्लिमेंट यंत्रणा

परवा आमच्या प्रयोगशाळेत काळ्या चहाच्या रंगाचा एक मूत्रनमुना आला. पट्टीवर रक्ताची खूण उमटली, परंतु सूक्ष्मदर्शकाखाली तांबडी पेशी एकही दिसेना.

अशा वेळी ज्यांचा विचार करावा लागतो, त्यांत पीएनएच (पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया) ही दुर्मिळ व्याधी येते. रक्तात सदैव सिद्ध असलेली कॉम्प्लिमेंट ही प्रथिनांची यंत्रणा जंतूंच्या आवरणास छिद्रे पाडते. स्वकीय पेशी तिच्या तडाख्यातून सुटतात त्या सीडी५५ व सीडी५९ या संरक्षक प्रथिनांच्या परवान्यावर, आणि नेमका तोच परवाना या व्याधीतील तांबड्या पेशींपाशी नसल्यामुळे त्या रक्तवाहिनीतच फुटतात आणि लघवीत पेशींऐवजी त्यांचे रंगद्रव्य उतरते.

या यंत्रणेचे मर्मस्थान म्हणजे सी३ हे प्रथिन. १९९६ साली जॉन लॅम्ब्रिस व अरविंद साहू यांनी अमेरिकेत सी३ला जखडणारे, अवघ्या १३ अमिनो आम्लांचे कॉम्पस्टॅटिन प्रसिद्ध केले. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात साहूंनी विषाणू हीच यंत्रणा कशी निष्प्रभ करतात याचा चिकाटीने छडा लावला. मला हे कार्य अधिक मूलगामी वाटते.

कॉम्पस्टॅटिनच्या कुळातील पेगसेटाकोप्लान या औषधाला २०२१मध्ये अमेरिकेत पीएनएचसाठी मान्यता मिळाली. मात्र यंत्रणाच रोखली जात असल्याने मेनिंगोकॉकससारख्या जंतूंविरुद्ध लसीकरण अगोदर करावे लागते.