लोणारची कड काय सांगते

अमरावती-अकोल्याकडच्या माणसाला ज्वालामुखीचा दगड पाहायला लांब जावे लागत नाही. तो त्यावरच उभा असतो. चिखलदऱ्याचे कडे, नरनाळ्याचे बुरूज, पातूरच्या घाटातला काळा पत्थर, खदानीतून निघणारी गिट्टी आणि कपाशीची काळी माती हे सगळे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे देणे. मात्र हा लाव्हा शंकूसारख्या डोंगराच्या तोंडातून उसळला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ रस वाहत राहिला आणि थरावर थर थिजत गेले. म्हणून वऱ्हाडात अग्निजन्य दगड ढिगांनी असला तरी ओळखू येईल असे ज्वालामुखीचे मुख नाही. हुबेहूब तसे दिसणारे एक विवर आहे, बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. आणि ते ज्वालामुखीचे नाही!

अकोल्याहून पातूर, मालेगाव, मेहकर असे गेलात तर शेवटपर्यंत काही कळत नाही. सपाट शेते, तुरीचे पट्टे आणि मग एकदम 1.8 किलोमीटर व्यासाचा, दीडशे मीटर खोल गोल खड्डा. 1823 मध्ये जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. भोवती सगळा बेसाल्टच असल्यामुळे हे ज्वालामुखीचे मुख असावे, हा तर्क पुढे दीर्घकाळ टिकला. 1896 मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह गिल्बर्ट यांनी अ‍ॅरिझोनातल्या विवराचे लोणारशी साम्य दाखवले. गंमत अशी की ते दोन्हींना ज्वालामुखीच्या वाफेचा स्फोट मानत होते. साम्य अचूक हेरले, कारण मात्र चुकले. दोन्ही खड्डे आकाशातून आलेल्या पाहुण्याचे आहेत.

याचा पुरावा पाहायचा तर काठावरून चालायला हवे. कडेची पूर्ण फेरी पावणेसहा किलोमीटरच्या आसपास भरते. बहुतेक पर्यटक एका ठिकाणी उभे राहून फोटो काढतात आणि निघतात. त्यांचे खरे नुकसान इथे होते. आजूबाजूच्या मुलखात लाव्ह्याचे थर भाकरीच्या चवडीसारखे आडवे असतात. लोणारच्या कडेवर मात्र तेच थर वर उचललेले आणि बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. काही ठिकाणी तर ते उलटे होऊन पडलेत. कड भोवतालच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच आहे. बाहेरच्या उतारावर लहानमोठ्या दगडांचा विस्कळीत मुरूम पसरलेला आहे. तो विवरातूनच उडालेला माल. वाहत आलेल्या लाव्ह्याला असा पसारा घालता येत नाही.

अंतिम निकाल जमिनीखालून आला. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी तळाशी छिद्रे घेतली. गाळाखाली खोलवर चुरडलेला बेसाल्ट लागला आणि त्यात मॅस्केलिनाइट सापडले. बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजावर प्रचंड दाबाची लाट आदळली की ते न वितळताच काचेसारखे होते. त्यालाच मॅस्केलिनाइट म्हणतात. एवढा दाब कोणताही ज्वालामुखी निर्माण करू शकत नाही. त्यासाठी सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाने येणारा अशनीच लागतो. चंद्रावरचे काळे डाग आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसाल्टचाच. पृथ्वीवर बेसाल्टमध्ये कोरलेली आघातविवरे फार थोडी आहेत आणि त्यांत लोणारइतके शाबूत दुसरे नाही. परग्रहांचा अभ्यास करणारे मेहकरची वाट धरतात ते यासाठी.

आता खाली उतरू. गावाजवळच्या धारेपाशी गोमुखातून बारमाही गोडे पाणी पडते. पुढे मोडकळीला आलेली जुनी देवळे, सागाची-बाभळीची झाडी, मोर, वानरे आणि मग तळाशी असलेल्या तळ्याच्या पाण्याचा उग्र वास. 2000 साली हा परिसर अभयारण्य घोषित झाला. दगड उचलून खिशात टाकायची इच्छा इथे आवरावी लागते. पाण्याचा सामू दहाच्या वर आहे, म्हणजे साबणाच्या पाण्यासारखा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या लोकांना खारपाणपट्टा ठाऊक असतो, पण हा खार वेगळा. बेसाल्ट झिजून सुटलेले सोडियम पाण्याबरोबर आत येते. विवराला बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडते आणि सोडा मागे राहतो. काच आणि साबण बनवायला लागणारा इथला खार मोगल काळातही प्रसिद्ध होता. आईन-ए-अकबरीत त्याची नोंद आहे. तळ्याच्या काठावर कमळजादेवीचे देऊळ आहे आणि त्याजवळ सासू-सुनेची विहीर. तिच्या एका बाजूचे पाणी गोडे, दुसऱ्या बाजूचे खारे, असे लोक सांगतात. सासू कोणती आणि सून कोणती, यावर गावात वाद घालू नये.

जून 2020 मध्ये तळे एकाएकी गुलाबी झाले आणि देशभर बातमी पसरली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. पाणी आटून क्षार वाढल्यावर खाऱ्या पाण्यातच वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव फोफावले होते आणि त्यांच्या रंगद्रव्याने ही किमया केली होती. पाऊस पडला, पाणी पातळ झाले आणि नेहमीची हिरवट छटा परतली. त्याच वर्षी तळ्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

विवराचे वय मात्र अजून भांडणात आहे. उष्णतादीप्ती पद्धतीने आलेले 52 हजार वर्षे हे उत्तर अनेक लेखांत आणि पुस्तिकांत आढळते. 2011 मध्ये आघाताच्या काचेवर आर्गॉन पद्धत वापरून 5 लाख 70 हजार वर्षे असे उत्तर आले. दोन्हींत दहापटीहून अधिक तफावत. काच गरम झाली तेव्हा जुना आर्गॉन किती निसटला आणि दीप्तीचा साठा कुठवर भरत राहतो, या प्रश्नांभोवती हा वाद फिरतो. मला दुसरा आकडा अधिक पटतो, पण पैज लावणार नाही.

वेळ उरला तर उत्तरेला अंबर तळ्याकडे जा. हा त्याच अशनीच्या तुकड्याने पाडलेला छोटा खड्डा, असे गावात सांगतात. तिथेही थर वर उचललेले आहेत का, एवढे शोधून बघा. शास्त्रज्ञांचे त्यावर अजून एकमत झालेले नाही.