कुत्र्याच्या तोंडातला ‘फ्लॉवर’

आठ-दहा महिन्यांच्या कुत्र्याचा ओठ वर केला आणि आत फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे पांढरट-गुलाबी कोंब दिसले, की घरात लगेच कॅन्सरची धास्ती बसते. या वयात बहुधा ती नुसती चामखीळ असते. पॅपिलोमा विषाणू तोंडातल्या बारीक ओरखड्यातून आत शिरतो; कधी दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती करताना, कधी उष्ट्या भांड्यातून. कोंब उगवायला महिना-दोन महिने लागतात. माणसाला किंवा मांजराला हा विषाणू लागत नाही.

कुत्र्याच्या प्रतिकारशक्तीला विषाणूची ओळख पटली की कोंब आपोआप सुकून गळतात, बहुतेकदा एक ते पाच महिन्यांत. तोवर इतर कुत्र्यांशी खेळ बंद, भांडी वेगळी. घरी कोंब खुडू नयेत. ते चावले जाऊन रक्त येत असेल, खाणे सुटले असेल किंवा महिने उलटूनही ते वाढतच असतील, तर डॉक्टर ते काढतात.

प्रतिकारशक्तीला विषाणूची ही ओळख आधीच करून देता येईल का? १९९५मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या विषाणूच्या कवचातले ‘एल-१’ हे प्रथिन कुत्र्यांना टोचले. नंतर खरा विषाणू तोंडात सोडला, तरी त्यांना चामखीळ झाली नाही. त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे दिलेली दुसरी कुत्रीही बचावली. माणसांमधल्या पॅपिलोमा विषाणूमुळे होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशी, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वावॅक’सुद्धा, याच ‘एल-१’च्या तत्त्वावर बेतलेल्या आहेत.

उतारवयातल्या कुत्र्याच्या तोंडात एकच गाठ आली, तर मात्र वाट पाहू नये. मेलॅनोमा हा कुत्र्यांच्या तोंडात सर्वाधिक आढळणारा कर्करोग. तो सहसा काळा असतो, पण गुलाबीही असू शकतो. त्यामुळे रंगावर भरवसा नको. हिरडीवरची प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, बॉक्सर जातीत तर हिरड्या मुळातच वाढतात. पण नुसत्या नजरेने निवाडा होत नाही. गाठीचा तुकडा तपासावा लागतो. गाठ जबड्याच्या हाडात शिरली आहे का, हे एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये कळते. वेळीच निदान झाले, तर गाठ मुळासकट काढता येण्याची शक्यता वाढते.

लाळेत रक्त, उग्र दुर्गंधी, अचानक हलू लागलेला दात, एकाच बाजूने चावणे, गालाला सूज: यातले काहीही दिसले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. कोवळ्या वयातले कोंबही एकदा दाखवून घ्यावेत. फक्त तिथे घाई नसते.