पहिला गडी बसला, तर दुसरा कोण?

भातकापणी उरकली, खळी मोकळी झाली की आपल्या मुरुडच्या आजूबाजूला, दापोली तालुक्यात वाडीवाडीतून कबड्डीची मैदाने आखली जातात. मुंबईच्या चाकरमान्यांकडून गंजिफ्रॉकचे पैसे येतात, स्पर्धांच्या तारखा लागतात आणि पारावर एकच प्रश्न फिरू लागतो : यंदा आपला संघ कसा? उत्तर म्हणून एकच नाव सांगितले जाते. "आपल्याकडे अमका आहे ना, मग काय!" एवढ्यावर हिशेब मिटतो.

बंधू-भगिनींनो, हा हिशेब अर्धाच आहे. कारकुनी पेशामुळे जमेबरोबर नावेची बाजूही बघायची सवय मला लागली आहे.

कबड्डीचा नियम आपल्या घरातल्या बायाबापड्यांनाही ठाऊक आहे. गडी बाद झाला की तो रेषेबाहेर जाऊन बसतो. तो आपल्या हिकमतीने परत येऊ शकत नाही. उरलेल्यांनी समोरच्याचा गडी टिपला किंवा पकडला, तरच बसलेला एकेक गडी ओळीने उठतो. म्हणजे तुमचा वाघ पाचव्या मिनिटाला बसला, तर त्याला उठवणारा कोण? संघाची खरी ताकद या प्रश्नाच्या उत्तरात आहे. ते उत्तर नसेल तर वाघ बसून राहतो, एकेक करून बाकीचे बाद होतात आणि लोण चढतो.

याचा पुरावा प्रो कबड्डीत उघड दिसला. 2023 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाख 50 हजार रुपयांना घेतले. एवढी बोली त्याआधी कुणावर लागली नव्हती. मोसमाआधी लोक म्हणत होते, आता हैदराबादवाल्यांचे नशीब पालटले. झाले काय? 22 सामन्यांत फक्त 2 विजय आणि तळाचा क्रमांक. पवन काही वाईट खेळला नाही. चढाईचे गुण त्याने ढिगाने आणले. पण तो बाहेर बसला की मैदानात सामसूम!

त्याच पवनची आदल्या मोसमातली गोष्ट उलटी आहे. 2022 साली तमिळ थलैवाजने त्याच्यावर 2 कोटी 26 लाख मोजले आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. मोसमभर तो परत आला नाही. सगळ्यांनी त्या संघावर काट मारली. मग नरेंदर नावाच्या पहिल्याच मोसमात उतरलेल्या पोराने दोनशेहून जास्त चढाईचे गुण आणले, पकडीची फळी एकजुटीने उभी राहिली आणि थलैवाज प्रथमच उपान्त्य फेरीत पोचले. तिथे त्यांना हरवले ते आपल्या पुणेरी पलटणने.

पलटणचा 2023-24 चा संघ तर अभ्यासण्याजोगा. 22 पैकी 17 विजय, 3 बरोबरी, केवळ 2 पराभव, आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरयाणा स्टीलर्सला 28-25 हरवून विजेतेपद. पण त्या मोसमात चढाईचे सर्वाधिक गुण घेणाऱ्या पहिल्या पाचांत पुण्याचा एकही गडी नव्हता! नगरचा अस्लम इनामदार बसला तर मोहित गोयत, मोहित बसला तर पंकज मोहिते. एकाचे ओझे तिघांत वाटलेले. तारा नकोच असे मात्र मी म्हणत नाही. इराणचा महंमदरझा शादलू पलटणने 2 कोटी 35 लाखांना घेतला होता आणि पकडीत तोच मोसमात पहिला आला. पुढच्या मोसमात शादलू हरयाणाकडे गेला, मध्येच अस्लमला दुखापत झाली, आणि तीच पलटण पहिल्या सहांतही आली नाही. राखीव फळीलाही एक मर्यादा असते. हरयाणा त्या वर्षी विजेता ठरला, हेही ध्यानात ठेवावे. 2025 साली पलटण पुन्हा अंतिम फेरीत आली आणि दिल्लीकडून 28-31 अशी तीन गुणांनी हरली.

जुना दाखला क्रिकेटमधला आहे. 1911 साली हिंदी संघ इंग्लंडला गेला. आपल्या पददलित समाजातले पाळवणकर बाळू त्या दौऱ्यात 114 बळी घेऊन आले, तरी संघ 23 पैकी 15 सामने हरला. एका माणसाने दमेपर्यंत गोलंदाजी करायची आणि बाकीच्यांनी बघायचे, याचे फळ दुसरे काय येणार? बाळूंना कर्णधारपद कधी दिले नाही, तो विषय वेगळा.

आता आपल्या वाडीकडे वळू. सात खेळतात, पाच राखीव. त्या पाचांना गेल्या वर्षी किती मिनिटे मिळाली? बहुतेक ठिकाणी ती पोरे पाण्याची बाटली धरून बसतात आणि दोन वर्षांत मैदान सोडतात. डावा-उजवा कोपरा पक्का आहे का? गुण घेतलाच पाहिजे अशा तिसऱ्या चढाईला, मुख्य गडी बसलेला असताना, कोण जाणार? आणि स्पर्धेच्या रात्री कोण खरोखर हजर असणार? एक हर्णैच्या होडीवर, दुसरा लोट्याच्या कारखान्यात रातपाळीला, तिसऱ्याला मुंबईहून रजा नाही. कागदावरचे बारा प्रत्यक्षात आठ होतात. प्रो कबड्डीवाल्यांना ही अडचण नाही, आपल्याला आहे.

यात सर्वांत महाग पडते ते त्या 'अमक्या'लाच. दुसरा गडी नाही म्हणून गुडघ्याला पट्टी बांधून त्याला एका रात्रीत चौथा सामना खेळवतात. पवनच्या गुडघ्याला डॉक्टर होते, संघ होता. आपले पोर रोजंदारीवर. गुडघा गेला तर चिरे उचलायचे कसे, आणि घरात चूल पेटायची कशी? चषक मंडळाच्या कपाटात राहतो आणि औषधाची चिठ्ठी आईच्या हातात येते.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनी स्पर्धेआधी एवढे करावे. सरावात रोज दहा मिनिटे पहिल्या गड्याला बाहेर बसवावे आणि बाकीच्यांनी किती गुण आणले ते वहीत लिहावे. महिनाभराची ती पाने घेऊन पारावर बसा, आणि मग सांगा यंदा आपला संघ कसा आहे ते.