मात्रा किती ?

बाळगुटी उगाळतांना घरांतील वडील स्त्रिया सहाणेवरचे वेढे मोजून घेतात. वेढा कमी पडला तर गुण येत नाहीं, अधिक झाला तर बाळास बाधतो, अशी त्यांची समजूत. परंतु जें औषध पोटांत घ्यावयाचें नसून शरीरांत पुरून ठेवावयाचें, त्याची मात्रा मोजावी कशी ? फुप्फुसाच्या कर्करोगावर वापरल्या गेलेल्या आयोडीन-१२५ च्या किरणोत्सर्गी बीजांच्या निमित्तानें या प्रश्नाचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

हीं बीजें म्हणजे सुमारें साडेचार मिलीमीटर लांबीच्या, टायटॅनियमच्या बंद नळ्या. ज्या रोग्यास फुप्फुसाचा संपूर्ण खंड काढणें सोसणार नाहीं, त्याचा रोगट भाग तेवढा कापून, कापलेल्या कडेलगत तीं शिवून ठेवण्याची रीत कांहीं शल्यवैद्यांनीं अवलंबिली.

मात्रेचें गणित मुख्यतः दोन नियमांवर उभें आहे. पहिला अंतराचा : बीजापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं किरणांचें बळ चतुर्थांशावर येतें. दुसरा काळाचा : या आयोडीनचें सामर्थ्य ५९.४ दिवसांत निम्में होतें. तें असें घटत जात असल्यामुळें पहिल्या दिवसाच्या मात्रेस सुमारें ८६ नीं गुणिलें म्हणजे एकंदर बेरीज निघते. एक किलोग्रॅम मांसांत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली कीं मात्रा एक ग्रे झाली. आरंभीं तासास ०.०७ ग्रे मिळत असेल, तर दिवसाचे १.६८ व एकंदर सुमारें १४४ ग्रे होतात.

येथवर सर्व सोपें दिसतें. अडचण पुढेंच आहे. १९९५ सालीं अमेरिकेंतील वैद्यकीय पदार्थविज्ञांच्या संघानें या गणिताची जी पद्धति घालून दिली, तिच्यांतील आकडे बीजाभोंवतीं सर्वत्र पाणीच आहे असें धरून काढलेले आहेत. शरीराच्या पुष्कळ भागांस हें गृहीत बरेंचसें लागू पडतें. फुप्फुस मात्र हवेनें भरलेलें; त्याची घनता पाण्याच्या तृतीयांशाच्या आसपास. आयोडीनचे मंद किरण पाण्यांत लवकर विरतात, पण फुप्फुसांतून ते अधिक दूर जातात. म्हणून पाण्याच्या कोष्टकाप्रमाणें जें स्थळ सुरक्षित वाटतें, तेथें प्रत्यक्षांत जास्त किरण पोंचतात. शिवाय श्वासाबरोबर फुप्फुस सतत हलतें, आणि शस्त्रक्रियेनंतर बीजांची जागाहि सरकूं शकते, त्यामुळें सी. टी. चित्रांवरून हिशेब पुन्हां तपासावा लागतो. प्रत्येक रोग्याच्या शरीराची घडण जमेस धरणाऱ्या संगणकीय पद्धतींविषयीं त्याच संघानें २०१२ सालीं मार्गदर्शन प्रसिद्ध केलें.

अर्थात् हिशेब अचूक झाला म्हणून उपचार गुणकारी ठरतो असें नव्हे. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणींत, अशीं बीजें ठेवलेल्या व न ठेवलेल्या रोग्यांमध्यें, रोग त्याच जागीं उलटण्याच्या प्रमाणांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं.

तेव्हां एखाद्या आप्ताच्या कागदावर ग्रेचा आकडा दिसला, तर तो कोणत्या अवयवासाठीं, काय गृहीत धरून काढला आहे, हें डॉक्टरांस विचारण्यास संकोचूं नये. आजीदेखील वेढे मोजण्यापूर्वीं बाळ किती महिन्यांचें आहे हें विचारतेच.