रक्ताची साक्ष

४ फेब्रुवारी १९९७. अमेरिकेत बोस्टनजवळच्या न्यूटन शहरातून रुग्णवाहिकेसाठी फोन गेला. आठ महिन्यांच्या बाळाचा श्वास अडखळत होता. जवळ होती ती त्याला सांभाळणारी ब्रिटिश तरुणी. ९ फेब्रुवारीला बाळ दगावले आणि तरुणीवर खुनाचा खटला उभा राहिला.

प्रत्यक्ष पाहणारे कोणीच नव्हते. साक्ष द्यायची होती ती बाळाच्या डोक्यानेच! कवटीला तडा, मेंदूच्या आवरणाखाली साठलेले रक्त आणि डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव. सरकारी पक्षाचे डॉक्टर म्हणाले, बाळाला त्याच दिवशी जोराने हलवले आणि डोके आपटले. बचाव पक्षाचे तज्ज्ञ म्हणाले, इजा सुमारे तीन आठवड्यांपूर्वीची. त्या जुन्या जखमेतूनच पुन्हा रक्त वाहिले. पुरावा एकच, अर्थ मात्र दोन!

३० ऑक्टोबरला ज्यूरीने तरुणीला खुनासाठी दोषी ठरवले. पण १० नोव्हेंबरला न्यायाधीश हिलर झोबेल यांनी गुन्हा सदोष मनुष्यवधाचा ठरवला आणि तुरुंगात काढलेले २७९ दिवस हीच शिक्षा मानली.

बाळाला हलवल्याने मेंदूभोवतीच्या नाजूक शिरा तुटू शकतात, हा विचार ब्रिटिश मेंदू शल्यविशारद नॉर्मन गुथकेल्च यांनी १९७१ मध्ये मांडला होता. पुढे ठराविक खुणा दिसल्या की गुन्हा घडलाच, असे अनेक जण मानू लागले. अशा निष्कर्षांच्या घाईबद्दल उतारवयात खुद्द गुथकेल्च यांनीच चिंता व्यक्त केली. न्यूटनच्या खटल्यात सरकारतर्फे साक्ष देणारे क्ष-किरणतज्ज्ञ पॅट्रिक बार्न्स यांचेही मत पुढे बदलले. रक्त गोठण्यातील दोष, जंतुसंसर्ग, जन्माच्या वेळची इजा यांमुळेही अशा खुणा दिसू शकतात. म्हणून रक्ततपासणी, हाडांचे फोटो, जुने आजार आणि घरच्यांची हकीकत हे सारे एकत्र ताडून पाहावे लागते.

याचा अर्थ बाळाला हलवणे निर्धोक आहे, असा मुळीच नाही. त्याची मान कोवळी, डोके जड. रडणे असह्य झाले, तर त्याला पाळण्यात सुरक्षित ठेवून दोन मिनिटे बाजूला व्हावे. बाळ पडले आणि त्यानंतर उलट्या, सुस्ती किंवा झटके दिसले, तर तडक रुग्णालय गाठावे आणि घडले ते खरे सांगावे.

घाईने काढलेला निष्कर्ष निरपराध माणसाला तुरुंगात धाडू शकतो. हलगर्जीपणाने केलेला तपास मारेकऱ्याला मोकळे सोडतो. दोन्ही वेळा अन्याय होतो तो बोलूही न शकलेल्या बाळावरच.