पेन्सिल हील आणि आपली पाखाडी

भगिनींनो, शेतीखात्याच्या माणसाने चपलांविषयी का लिहावे, असे तुम्हाला वाटेल. पण जमीन किती भार सोसते, हा आमचाच विषय आहे. 400 किलोची म्हैस घ्या. तिच्या एका खुराचा तळ 65 चौरस सेंटीमीटर धरला, तर ती उभी असताना दर चौरस सेंटीमीटरवर दीड किलो भार येतो. आता 50 किलो वजनाची मुलगी पेन्सिल हील घालून चालते. पाऊल टाकताना क्षणभर जवळजवळ सगळे वजन एका टाचेवर, म्हणजे नखाएवढ्या जागेवर! चोपून सारवलेल्या अंगणाला भोके पडतात ती उगाच नाहीत.

इटालियन भाषेत ‘स्टिलेटो’ म्हणजे लहान खंजीर. 1950 च्या दशकात टाचेत धातूची सळई घालू लागले, तेव्हा ही बारीक टाच रूढ झाली. ती गुळगुळीत फरशीसाठी. रत्नागिरीकडे कित्येक घरे गाठायची तर जांभ्याच्या पाखाडीवरून. दगडाला भोके, पायऱ्या कमीजास्त उंचीच्या आणि गणपतीच्या दिवसांत वर शेवाळ. चाकरमान्यांच्या लेकीसुनांचा घोटा मुरगळायला आणखी काय हवे?

दुसरा परिणाम सावकाश होतो. भार चवड्यावर येतो, निमुळत्या तोंडात बोटे चेंगरतात, पोटरी आखडते. 2010 साली युरोपातील संशोधकांनी मोजले, तेव्हा वर्षानुवर्षे उंच टाचा वापरणाऱ्या बायकांच्या पोटरीचे स्नायुतंतू इतरांपेक्षा सुमारे 13 टक्के आखूड निघाले. मग सपाट चपलेतही पोटरी ओढते. भांडी घासणे, आंब्याची पेटी भरणे, ही आपली कामे उकिडवे बसून. पोटरी आखडली की टाच जमिनीला नीट टेकत नाही.

मुलींच्या हौसेला नावे ठेवू नयेत. (पुरुषांनी तर नकोच. रिकिबीत पाय पक्का राहावा म्हणून इराणी घोडेस्वारही पूर्वी उंच टाचेचे जोडे घालीत.) हील लग्नमंडपात घाला, पाखाडीवर मात्र सपाट चप्पल आणि हील पिशवीत. घ्यायचीच तर टाच रुंद आणि दोन बोटे उंचीची घ्या. घरी आल्यावर भिंतीला हात टेकून एक पाय मागे न्या, टाच जमिनीवर ठेवा आणि अर्धा मिनिट पोटरीला ताण द्या. मग दुसरा पाय.

घोटा मुरगळलाच, तर तेल लावून जोराने चोळू नका. गार पाण्याच्या घड्या ठेवा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाड मोडले असू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन एक्स-रे काढून घ्या.